पद्मिनीच्या पुढच्या चाकातली ‘टक’: शॉकअप बदलण्याआधी हे बघा

नागपुरात वर्धा रोडच्या सिमेंटवर गाडी तीस-चाळीसच्या वेगात चालली की दर सांध्याला पुढून, बहुतेक वेळा डावीकडून, ‘टक’ असा आवाज येतो. मोठ्या खड्ड्यात येत नाही, गतिरोधकावर येत नाही, नेमका बारक्या सांध्यावर येतो. मिस्त्रीकडे नेली की तो बोनेटवर दोन हात ठेवून गाडी दाबतो, सोडतो आणि सांगतो, “शॉकअप गेले, भाऊ.” नवे शॉकअप बसतात. आठ दिवस आवाज गप्प राहतो आणि नवव्या दिवशी परत हजर.

माझी प्रीमियर पद्मिनी 1984ची, बाबांनी घेतलेली. ही टक मी तिच्यात आजवर सात वेळा शोधली, शिवाय ओळखीच्या तिघा-चौघांच्या गाड्यांत. माझ्या सातपैकी चार वेळा ग्रीस निघालं, दोनदा रबर आणि एकदा भलतंच काहीतरी, ते पुढे सांगतो. शॉकअप एकदाही नाही. तरी नवे शॉकअप मी तीनदा विकत घेतलेत, त्यातली एक जोडी अजून माळ्यावर पडून आहे.

हे सगळं डुक्कर फियाटपासून डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनीपर्यंत लागू पडतं, कारण इटलीत 1953 साली आलेल्या फियाट 1100ची मूळ मांडणी कुर्ल्याच्या कारखान्याने शेवटपर्यंत फारशी बदलली नाही. मागे पाटे, पुढे प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली असे दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉकअप, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर. चाक वळतं ते किंगपिनवर. आजच्या गाड्यांतल्या सीलबंद बॉल जॉइंटला कोणी काही पाजत नाही, किंगपिनला मात्र ग्रीस पाजावंच लागतं. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी इथेच थांबावं. तुमच्याकडे पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, आणि तो वेगळा विषय आहे.

लक्षणं

एकच दोष असला तरी तो एकाच आवाजात बोलत नाही. यातलं तुमच्याकडे काय काय आहे ते आधी कागदावर लिहा. आठवणीवर गेलात की मिस्त्री विचारतो एक आणि आपण सांगतो भलतंच.

- छोट्या सांध्यावर टक, मोठ्या खड्ड्यात शांत.
- गाडी उभी असताना किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना ‘कुंईं’ किंवा दार करकरल्यासारखा आवाज.
- स्टिअरिंग जड. वळण घेतल्यावर आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं.
- साठच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरतं.
- सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, सतत बारीक दुरुस्ती करत राहावं लागतं.
- पुढच्या टायरची आतली किंवा बाहेरची कडाच झिजते, किंवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं.
- नाकाची एक बाजू खाली बसलेली दिसते.

दोन गोष्टी या यादीत मुद्दाम घेतल्या नाहीत. आपल्याकडचे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकणं हा दोष नाही. रिकाम्या रस्त्यावर मधोमध चालवून बघा, सरकणं थांबलं तर विषय संपला. आणि फक्त ब्रेक मारल्यावरच गाडी एका बाजूला ओढत असेल तर सस्पेन्शन सोडा, ब्रेकचे शू आणि व्हील सिलिंडर बघा.

हात घालण्याआधी

जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरखाली दोन घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना आडवे दगड किंवा लाकडी गुटके, हँडब्रेक ओढलेला. विटा आणि सिमेंटचे ठोकळे नकोत, ते काही न सांगता फुटतात. आणखी एक, खास आपल्या गावासाठी. मे महिन्यात दुपारी डांबरावर काम करू नका. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डांबर मऊ पडतं आणि घोडीचे पाय त्यात रुततात. माझी एक घोडी पाऊण इंच रुतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, नशिबाने तेव्हा मी गाडीखाली नव्हतो. फरशी किंवा सिमेंटचं अंगण उत्तम, नसेल तर घोडीखाली जाड प्लायवुडचा तुकडा घाला.

एक: आवाज खालूनच येतोय का?

खर्च शून्य. डिकीतून स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याची कॅन सगळं बाहेर काढा. बोनेटचा खटका, पुढचा बंपर, नंबर प्लेट, सायलेन्सरचे क्लॅम्प एकेक करून हाताने हलवा. मग ज्या रस्त्यावर आवाज हमखास येतो त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, रेडिओ बंद करून आणि काचा खाली करून जा. शेजारी कोणालातरी बसवा, कारण चालवणाऱ्याचा कान डाव्या बाजूचा आवाज नेहमी चुकीच्या जागी ऐकतो.

मघाशी म्हटलेलं ‘भलतंच’ ते हेच. बॅटरी बदलणाऱ्याने वरची पट्टी नीट कसली नव्हती. नवी बॅटरी जुनीपेक्षा बोटभर बुटकी, त्यामुळे पट्टी तिच्यावर टेकतच नव्हती. दर सांध्याला बॅटरी उडून ट्रेवर आपटायची. हे सापडेपर्यंत मी लागोपाठ तीन रविवार पुढची चाकं काढून बसलो होतो. शेवटी मुलगा बोनेट उघडून म्हणाला, “बाबा, हे काऊन हालतेय?” सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा पट्टीखाली घातला आणि आवाज गेला.

दोन: टायर आणि हवा

पंपावरचा पोट्टा न विचारता बत्तीस-पस्तीस भरतो, कारण दिवसभर त्याच्याकडे आजच्या गाड्या येतात. पद्मिनीला तेवढी हवा नको. मी पुढे 24 ठेवतो. तुमचे टायर वेगळे असतील तर गाडीचं पुस्तक बघा. जास्त हवेचा टायर सांध्यावर दगडासारखा वाजतो, आणि तो दणका सरळ आर्मच्या रबरात जातो. म्हणून टायर आधी. हवा बरोबर नसताना बाकीची कुठलीच तपासणी खरं बोलत नाही.

गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, आणि जुन्या गाड्या राहतातच, तर टायरला जमिनीशी टेकलेल्या जागी सपाटी येते. जुन्या पद्धतीच्या क्रॉसप्लायला तर हमखास. पहिले दोन-तीन किलोमीटर थप-थप-थप असा ठेका येतो, टायर तापला की नाहीसा होतो. तो दोष नव्हे. गाडी दर आठवड्याला हातभर पुढे-मागे ढकलत जा. पुढच्या जोडीत एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीही नको, गाडी भरकटायला तेवढंच पुरतं. साठच्या पुढची थरथर असेल तर किंगपिनवर संशय घेण्याआधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

एक बाजू ओढत असेल तर पुढची दोन्ही चाकं आपसात बदलून बघा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर पुढे वाचा.

तीन: ग्रीस

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दर वेळी लोक ही तपासणी “ग्रीस मारलेलं आहे” एवढं म्हणून ओलांडून जातात. सर्व्हिसिंगवाल्याने ग्रीस गन लावली म्हणजे ग्रीस आत गेलं असं नाही. निप्पलच्या, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडाच्या, टोकाला चिखल आणि जुनं सुकलेलं ग्रीस मिळून काळी गोळी होते. गन दाबली की नवं ग्रीस निप्पलच्या बाजूने बाहेर येतं, निप्पल छान भरल्यासारखं दिसतं आणि आत मात्र कोरडंठाक.

किंगपिन ही खरं तर एक उभी दांडी. तिच्या भोवती स्टब एक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा, फिरतो. वर एक बुश (पिनेभोवतीची नळी), खाली एक बुश. गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागाचं वजन याच जोडातून चाकावर उतरतं. मध्ये ग्रीसचा थर असला तर धातू धातूला लागत नाही. थर गेला की दोन गोष्टी होतात. स्टिअरिंग फिरवताना घर्षण वाढतं आणि वळणानंतर चाक आपणहून सरळ यायचं विसरतं. आणि बुश अंडाकृती झिजतो, मग छोट्या हादऱ्याला पिन बुशमध्ये इकडून तिकडे आपटते. तीच टक. मोठ्या खड्ड्यात वजन एका बाजूला गच्च दाबून धरतं म्हणून तिथे आवाज येत नाही. ही गंमत कळायला मला चार वर्षं लागली.

पद्धत अशी. गाडीचं पुढचं अंग घोड्यांवर, चाकं लोंबकळलेली. हे महत्त्वाचं आहे. चाक जमिनीवर असताना वजनाने ज्या बाजूची फट बंद झालेली असते तिथे ग्रीस शिरतच नाही, आणि झीज नेमकी त्याच बाजूला असते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेला ब्रश घेऊन प्रत्येक निप्पल धुवा, फडक्याने पुसा, टोकातली बारीक गोळी टाचणीने दाबून ती आत-बाहेर होते का बघा. निप्पल किती आहेत ते एकदा मोजून डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. दर वेळी एखादं राहतंच, बहुतेक चिखलाआड लपलेलं. मग गन नीट सरळ बसवा आणि हळू दाबा. आधी काळं ग्रीस बाहेर येईल, मग मळकट, मग डब्यातल्या रंगाचं. डब्यातल्या रंगाचं येईपर्यंत थांबायचं नाही. मधेच कोणालातरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि पुन्हा दोन दाब द्या.

गन दाबली आणि काहीच हललं नाही तर निप्पल पान्याने काढा. निप्पल बंद असेल तर नवं लावा, किरकोळ किमतीत मिळतं. निप्पल मोकळं आहे पण आतली वाटच बंद असेल तर तारेने जुनं सुकलेलं ग्रीस उकरा, थोडं पातळ तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून लावून गन फोडणारे मी पाहिलेत.

बाहेर येणाऱ्या जुन्या ग्रीसकडे नीट बघा, ते दोन बोटांत चोळा. नुसतं काळं असेल तर उशीर झालाय, एवढंच. गंजाच्या रंगाचं असेल, किंवा त्यात चमचमणारे बारीक कण असतील, तर बुश झिजलाय आणि ग्रीसने तो परत येणार नाही. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि आमच्या गल्लीत चाकाच्या हबपर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर मी गालिचे वाळवले, इंजिन ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला आणि गाडी सुरू झाली या आनंदात पुढच्या चाकांना विसरलो. दिवाळीनंतर स्टिअरिंग जड व्हायला लागलं. निप्पलमधून जे बाहेर आलं ते चहात विरघळलेल्या पार्ले-जीसारखं होतं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की असंच होतं. डावा किंगपिन वाचला, उजवा बदलावा लागला. गाडी एकदा जरी हबपर्यंत पाण्यात गेली, नरेंद्र नगरच्या अंडरपासमध्ये का होईना, तरी त्याच आठवड्यात ग्रीस करा आणि पुढच्या हबची बेअरिंगही उघडून धुवून भरा.

ग्रीस साधं, चांगल्या कंपनीचं, लिथियमवालं चालतं. आधीचं कुठलं होतं माहीत नसेल तर जुनं पूर्ण बाहेर निघेपर्यंत दाबा, वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली की काही पातळ होऊन गळतात. मी हजार किलोमीटरला किंवा तीन महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा करतो. शिवाय पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. ग्रीस केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका, पन्नास-साठ किलोमीटर चालवा. मी रामटेकला जाऊन येतो. तिथे पोचेपर्यंतच तेवढं अंतर पडतं आणि गडाच्या वळणांवर स्टिअरिंग आपणहून परत येतंय की नाही ते कळतं.

चार: चाक हलवून बघणं

ग्रीस करूनही टक राहिली तर चाक अजून हवेत असतानाच दोन्ही हातांनी धरा, एक हात वर बाराच्या जागी, एक खाली सहाच्या जागी. वरचा ओढा, खालचा ढकला, मग उलट. किंचित हालचाल जाणवली की घाबरायचं कारण नाही, पण ती कुठे आहे हे ओळखायला हवं, कारण हबचं बेअरिंग ढिलं असलं तरी आणि किंगपिन झिजला असला तरी हाताला सारखंच लागतं.

फरक काढायची युक्ती फुकट आहे. घरातल्या कोणालातरी ब्रेकवर पाय घट्ट दाबून बसवा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात. शूची प्लेट स्टब एक्सललाच बसवलेली, म्हणजे हब आणि स्टब एक्सल मिळून एक होतात आणि बेअरिंगचा ढिलेपणा झाकला जातो. ब्रेक दाबल्यावर हालचाल गेली तर बेअरिंग. तशीच राहिली तर किंगपिन किंवा आर्मचे जोड. अशा वेळी टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बघा. स्टब एक्सल पिनवर डुलतोय की अख्खा आर्मच आपल्या जागी डुलतोय, हे डोळ्यांना दिसतं.

आता हात तीनच्या आणि नऊच्या जागी. इथे हालचाल आली तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, एंड. प्रत्येक एंडवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग इंचभर डावीकडे-उजवीकडे करायला सांगा. ढिला एंड बोटाला लगेच टोचतो. टाय रॉडचा एंड ही वाट बघायची वस्तू नाही. तो निसटला तर त्या बाजूचं चाक स्टिअरिंगचं ऐकणं बंद करतं. वर-खाली डुलणारा एंड दिसला तर गाडी तिथेच उभी, मिस्त्री घरी.

बेअरिंग निघालं तर ते घरी कसता येतं. नटाची स्प्लिट पिन काढा, चाक फिरवत फिरवत नट हलक्या हाताने कसा, मग थोडा मागे घ्या, इतका की चाक मोकळं फिरेल पण डुलणार नाही. स्प्लिट पिन नवीच घाला, जुनी सरळ करून परत वापरू नका. जोर लावण्याआधी नट उलट्या आट्याचा तर नाही ना, ते बघून घ्या.

पाच: रबर

ही माझी दुखरी नस आहे. आर्म ज्या पिनवर फिरतात तिथे रबरी बुश असतात, त्यांना आपले लोक सायलेंट ब्लॉक म्हणतात. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबर, स्टॅबिलायझरच्या पट्ट्यांखाली रबर. नागपूरच्या चार उन्हाळ्यांत चांगलं रबरसुद्धा बिस्किटासारखं कडक होतं. स्वस्त रबर एकाच उन्हाळ्यात जातं. टॉर्च मारून भेगा बघा, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच ओढून बघा. रबर एका बाजूला सरकून धातू धातूच्या जवळ आला असेल तर टक तिथली. शॉकअपच्या टोकाचं रबर आणि स्टॅबिलायझरची रबरं आधी बदला. दोन्ही स्वस्त आहेत, एका दुपारचं काम आहे, आणि पुष्कळदा सगळा तमाशा तिथेच संपतो. शॉकअपचा वरचा-खालचा नट सोडण्याआधी मात्र त्या बाजूच्या खालच्या आर्मखाली जॅकचा आधार द्या, नाहीतर आर्म स्प्रिंगच्या जोराने खाली येतो.

आर्मचे सायलेंट ब्लॉक मी एका वर्षात दोनदा बदलले. दोन्ही वेळा सहा महिन्यांत फाटले. मी रबराला शिव्या घातल्या, दुकानदाराशी भांडलो. मग मोमिनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, मला एकच प्रश्न विचारला: “पिनचा नट कसला तेव्हा गाडी कुठे होती?” घोडीवर होती. चाकं लोंबकळत होती. “मग रबर बिचारं जन्मभर पिळलेलंच राहिलं ना.”

सायलेंट ब्लॉकमधलं रबर घसरत नाही, ते आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट धरून असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते पिळतं आणि परत येतं, तेच त्याचं काम. चाक लोंबकळत असताना नट कसला की रबर त्या स्थितीला ‘सरळ’ समजतं. गाडी जमिनीवर उतरवली की ते उभ्या उभ्याच पिळलेलं असतं, आणि खड्ड्यात आणखी पिळून फाटतं. म्हणून आर्मच्या पिनांचे नट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे दोन माणसं बसल्यासारखं वजन द्यायचं, गाडी चार वेळा दाबून सोडायची आणि मगच पाना पूर्ण कसायचा. अवघड आहे, गाडीखाली जागा नसते. चाकांखाली जाड लाकडी फळ्या घातल्या की हात पोचतो. तिसऱ्या वेळी असं केलं, त्याला आता चार वर्षं झाली.

आता सुट्या भागांबद्दल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हापासून माल आणखी पातळ झालाय. घाट रोडला विचारा, मिळालं तर ठीक. पण “कंपनीचा जुना माल, डबाबंद” ऐकून रबर घेऊ नका. वीस-पंचवीस वर्षं डब्यात पडलेलं रबरही म्हातारं होतं. अंगठ्याच्या नखाने दाबा. खूण पडून परत भरून आली तर घ्या.

सहा: शॉकअप

इतका उशीर मुद्दाम केला. शॉकअप खराब झाला की गाडी वाजण्यापेक्षा झुलते. नाक दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झालं तर चांगला, दोन-तीन हेलकावे खाल्ले तर गेलेला. अंगावर तेलाचा ओघळ असेल तरी गेलेला. बदलायचा तर जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर गाडी वळणावर दोन प्रकारे वागते.

सात: उंची

सपाट फरशीवर, डिकी रिकामी, हवा बरोबर. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन-चार मिलिमीटरचा फरक चाळीस वर्षांच्या पत्र्यात चालतो. बोटभर फरक असेल तर स्प्रिंग बसलीय, तुटलीय किंवा तिच्याखालची बैठक गंजलीय. मोजायचं काम तुमचं. स्प्रिंग काढायचं काम तुमचं नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

ढिल्या किंगपिनवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे हलत्या खुर्चीवर बसून फोटो काढणं. आधी वरचं सगळं, मग हे. आपल्याकडे मशीनवाल्याच्या संगणकात पद्मिनीचं नावच नसतं, मग तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे आकडे लावून मोकळा होतो. पुस्तकातले आकडे कागदावर लिहून सोबत न्या आणि समोर उभे राहा.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते, घरीही बघता येतं. एकेक चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मधोमध खिळा टेकवून गोल रेघ ओढा. चाकं खाली ठेवून गाडी दोन-तीन फूट पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर टायरच्या मागच्या बाजूला आणि पुढच्या बाजूला मोजा. पुढचं किंचित कमी यायला हवं, काही मिलिमीटर. टायरवर करवतीसारखे दात असतील तर हा आकडा नक्की बिघडलेला निघतो. टाय रॉड फिरवायचे तर दोन्ही बाजू सारख्या फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसतं.

आर्म काढताना त्याच्या पिनेच्या बैठकीत पातळ शिम सापडल्या तर कुठल्या बोल्टवर किती होत्या ते लिहून, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो. “एक्स्ट्रा वायसर आहेत” म्हणून फेकून देणारे महाभाग आहेत.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

स्प्रिंग. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतका जोर असतो. योग्य कंप्रेसर आणि तो वापरलेला माणूस, दोन्ही असल्याशिवाय खालचा आर्म सोडू नका. दोरीने, तारेने, “जॅकने हळूच” असं काही नाही.

किंगपिन आणि त्याचे बुश. पिन अडकून बसलेली असते, प्रेस लागतो. नवे बुश ठोकून बसवल्यावर वरच्या-खालच्या दोन्हींतून एकाच ओळीत रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवावा लागतो. पिन हाताच्या दाबाने आत सरकली पाहिजे. हातोडीने गेली तर स्टिअरिंग पुन्हा जड होणार, आणि सैल गेली तर टक तशीच राहणार. मिस्त्रीला सरळ विचारा, “रीमर आहे का?” “सँडपेपर मारून बसवतो” असं उत्तर आलं तर चावी परत घ्या.

वाकलेला आर्म, क्रॉसमेंबरला किंवा आर्मला दिसलेली भेग, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवती फाटलेला पत्रा, घासून दोरे दिसायला लागलेली ब्रेकची नळी. यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगला सांगा. आणि वाकलेला आर्म गॅसने तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. तापवलेला पोलाद सरळ दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते, आणि ती कधी संपेल हे तो आधी सांगत नाही. असा आर्म बदलायचाच, भले जुन्या गाडीचा काढून का होईना.

काम घरी झालं असो की मिस्त्रीकडे, दोनशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा घोड्यांवर घ्या. चाकाचे, शॉकअपचे, स्टॅबिलायझरचे नट पान्याने एकदा तपासा आणि नवीन स्प्लिट पिनांची टोकं वळलेलीच आहेत ना ते बघा. आर्मच्या पिनांचे नट मात्र या वेळीही गाडी चाकांवर उतरवूनच बघायचे.